माळावर खड्डे खणण्याआधी चरणाऱ्या तोंडांचाही विचार व्हावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दोन बातम्या खालीवर छापून आल्या होत्या. वरच्या बातमीत हरणांच्या कळपांनी उगवलेली तूर आणि उडीद खाल्ल्यामुळे शेतकरी हवालदिल झाले असून ‘हरणांचा कायमचा बंदोबस्त करा’ अशी मागणी होत असल्याचं म्हटलं होतं. खालच्या बातमीत एका गायरानावर वृक्षलागवडीचा शुभारंभ झाल्याचा फोटो होता. वीतभर रोपाला आठ-दहा जणांचे हात लागलेले, आणि मागे नजर जाईल तिथवर उघडा माळ. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या वार्ताहरांनी दिल्या असतील, पण मला ती एकच बातमी वाटली. माळ गवताचा राहिला नाही तर त्यावर चरणारं जनावर जाणार कुठं? आपल्या तुरीत. हे कोणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलं आहे, कात्री लावायची असेल तर लावा, फक्त बुळकांडी या गुरांच्या जुन्या रोगाचा भाग तेवढा ठेवा.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी सोलापूर जिल्ह्यात, त्यातली बरीचशी करमाळा, मोहोळ आणि बार्शी तालुक्यांत गेली. गावात लोक ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि आम्ही नाही म्हणायचो नाही. खरे डॉक्टर पदवीवाले. आम्ही लसीची पेटी वाहणारे, रेतन करणारे, अडलेल्या गाईसाठी रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात बाही वर सारणारे. त्यामुळे गवत खाणाऱ्या जनावराची दोन्ही टोकं मी अगदी जवळून पाहिली आहेत, आणि मला जे सांगायचं आहे ते या दोन टोकांबद्दलच आहे.

आधी तोंड. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. बाजारात आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं वय सांगतात ते सगळं खालचे दात बघून. वर नुसती टणक हिरडी असते. म्हणून गाय गवत कापत नाही. ती जिभेनं झुबक्याला वेढा घालते आणि मानेला हिसडा देऊन तोडते. अगदी बुडाशी तिचं तोंड पोचतच नाही, चार बोटं गवत मागे राहतं. मेंढराचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो, त्यामुळे ते जमिनीला तोंड लावून बारीक बारीक कुरतडतं. शेळीला खाली मान घालायची मुळात हौस नाही. ती बोरी-हिवराच्या पाल्यासाठी मागच्या दोन पायांवर उभी राहील, पण पायाखालचं गवत शेवटी खाईल. काळवीट या तिघांहून चोखंदळ. तोंड निमुळतं, त्यामुळे ते पानं वेचून खातं. पावसाळ्यात कोवळं गवत, आणि उन्हाळ्यात गवताचा पाचोळा झाला की पाला आणि बाभळीच्या शेंगा. एका माळावर ही चारही तोंडं चरली तरी चौघांचं जेवण एकच नसतं. कोण कुठल्या उंचीवर आणि कुठल्या महिन्यात काय खातो, यावर तो माळ पुढच्या वर्षी कसा उगवणार ते ठरतं.

गवत खाल्लं म्हणजे गवताचं नुकसान झालं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. गवताची वाढ बुडातून होते आणि झाडाची शेंड्यातून, हा फरक त्याच्या लक्षात येत नाही. रोपाचा शेंडा खुडला की रोप बसतं. गवताचं पान वरून तोडलं तर तेच पान खालून पुन्हा सरकत वर येतं आणि बाजूनं नवे फुटवे निघतात. लाखो वर्षं कुणी ना कुणी खात आल्यामुळेच गवत असं झालं. न खाल्लेलं गवत सुखी असतं हा गैरसमज आहे.

कुसळी गवताचंच उदाहरण घ्या. आषाढात ती कोवळी असताना मेंढरं हावरटासारखी खातात. दसऱ्याच्या सुमारास तिनं कुसळं धरली की तोंड लावत नाहीत. कारण ती कुसळं पीळ घातलेली असतात, ओलाव्यानं पीळ सुटतो आणि टोक आत आत शिरतं. लोकरीतून कातडीत, ओठात, हिरडीत. मेंढरू घट्ट धरायचं, जबडा उघडायचा आणि चिमट्यानं एकेक कुसळ ओढून काढायचं, हे काम मी हिवाळ्यात कितीदा केलंय. ओठ सुजून मेंढरू दोन-दोन दिवस चरत नसे. म्हणजे त्या गवताची चरायची वेळ ठरलेली आहे. वेळ हुकली की ते चाऱ्यातून बाद होतं आणि उभ्या उभ्या वाळून वणव्याची वाट बघत बसतं.

आमच्या भागात एक माळाचा तुकडा तारेचं कुंपण घालून बंद केला होता. कुणी केला ते सांगण्यात अर्थ नाही, हेतू चांगला होता. पहिली दोन वर्षं गवत कमरेला लागायचं, माणसं फोटो काढायला यायची. पण ते कुणी कापलंही नाही आणि चारलंही नाही. जुनं गवत वाळून आडवं पडलं, त्यावर पुढच्या सालचं पडलं. मी एकदा आत शिरून हातानं ती गादी उचकटून बघितली. खाली पवन्या गवताचे ठोंब मधून काळे आणि पोकळ झालेले, ऊन न मिळालेला फुटवा पिवळट. पुढं एका उन्हाळ्यात कुठून तरी ठिणगी आली आणि कुंपणातलं सगळं भसाभसा पेटलं. बाहेरचा चरलेला माळ काही जळला नाही, कारण जळायला तिथं काही नव्हतंच.

याचा अर्थ चराईबंदी वाईट असा कुणी काढू नये. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली ती उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर, आणि त्याचं फळ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण तिथं गवत नुसतं राखलं नाही, विळ्यानं कापून गोठ्यात नेलं. म्हणजे तोंड बदललं, खाणं थांबलं नाही. लोक ‘बंदी’ तेवढी उचलतात आणि पुढचा विळा विसरतात.

आता बुळकांडी. तरुण वाचकांनी हे नाव ऐकलं नसेल, कारण तो रोग आज जगात नाही. माणसाच्या देवीनंतर जगातून कायमचा हटवलेला हा दुसरा रोग, २०११ साली तसं अधिकृत जाहीर झालं. आपल्या देशात शेवटचं जनावर १९९५ च्या सुमारास आजारी पडलं आणि २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला. बुळकांडी म्हणजे जोराचा ताप, तोंडात कोंड्यासारखे चट्टे, डोळ्यांतून धारा आणि पिचकारीसारखी हगवण. आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. जुनी माणसं शिवी देतानाही बुळकांडीचं नाव घेत, तसं उगीच नव्हे. या रोगापायीच १८८९ साली पुण्यात सरकारनं जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली. पुढं ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिथं १९२० च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं हा विषाणू शेळीतून पुढं पुढं नेत सौम्य केला आणि त्यावरून लस निघाली. १९५४ पासून देशभर मोहीम सुरू झाली. मी नोकरीत लागलो तेव्हा मोहीम शेवटाकडे आली होती, तरी आम्ही वाड्या-वस्त्यांवर थर्मासमध्ये बर्फ घालून लस नेत होतो. बर्फ वितळायच्या आत जनावरं आटपायची. एस. टी. चुकली की अर्धी लस वाया. बैलाचे कान धरून ठेवणारा माणूस घाबरट निघाला तर सुई आमच्याच हातात.

ही लस आपण आपल्या गुरांसाठी टोचत होतो. पण ती रानात काय करून जाते, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं, आणि म्हणूनच मी हा भाग ठेवा म्हणालो.

बुळकांडी आशियातून गेलेल्या गुरांबरोबर १८८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत पोचली आणि तिथली बहुतेक गुरं तिनं मारली. दहातली आठ-नऊ, असा अंदाज देतात. गुरांबरोबर रानरेडे आणि वाइल्डबीस्टही मेले. वाइल्डबीस्ट म्हणजे टीव्हीवर नदी ओलांडताना मगरींच्या तोंडी जाणारं ते दाढीवालं हरीणच. पुढं टांझानियातल्या सेरेंगेटीच्या आजूबाजूला पाळीव गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. रानातल्या एकाही जनावराला कुणी सुई लावली नव्हती. तरीही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाइल्डबीस्टमधला रोग आपोआप थांबला, कारण तो गुरांकडूनच येत होता. मग बघा. त्या वेळी सुमारे अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेले. एवढी तोंडं वाढल्यावर गवत उजाड झालं असेल असं कुणालाही वाटेल. झालं ते असं: गवत खाल्लं गेल्यामुळे उन्हाळ्यात जळायला कमी राहिलं, वणवे घटले. वणवे घटल्यामुळे दरसाल जळून जाणारी झाडांची रोपं तगली आणि मोठी झाली. झाडं वाढली तसा जिराफांना पाला वाढला. संशोधकांनी पुढं हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं, की पूर्वी जळून हवेत जाणारा कर्ब आता तिथल्या झाडांत आणि जमिनीत साठतो आहे.

म्हणजे झाडं लावायला कुणी गेलं नव्हतं. गवत खाणारं जनावर वाचवलं, आणि तेही दुसऱ्याच जनावराला लस टोचून. सेरेंगेटीचा पाऊस आणि आपला पाऊस सारखा नाही, आणि आपल्याकडं वाइल्डबीस्टही नाहीत. सोलापूरचा माळ म्हणजे आफ्रिका असं मी म्हणत नाही. पण गवत, आग, झाड आणि तोंड यांचा जमाखर्च एकाच वहीत असतो, एवढं तरी त्यावरून पटावं. आपण मात्र झाडाचं पान तेवढं उघडतो. आपल्याकडंही बुळकांडी गुरांपुरती नव्हती. १९६८ च्या सुमारास कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरच्या बंदिपूर-मुदुमलाईच्या जंगलात या रोगानं गवे मोठ्या संख्येनं मेले होते. आपली गुरं आणि रानातली गुरं यांच्या मधे कुंपण असतं, ते आपल्या सातबाऱ्यावर. रोगाला ते दिसत नाही.

आता दुसरं टोक. याबद्दल लोक नाक मुरडतात, मला ती सोय नव्हती.

गावठी गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते. पावसाळ्यात माळावर पडलेला ताजा पो घटकाभर नुसता बघत बसावं. आधी माश्या येतात. मग घूं घूं करत काळे शेणकिडे उतरतात. काही तिथंच खाली भोक पाडून शेण आत ओढतात. काही गोळा करून, डोकं खाली आणि पाय वर करून, मागच्या पायांनी तो ढकलत नेतात, वाटेत दुसरा किडा आडवा आला की मारामारी करतात, आणि शेवटी जमिनीत पुरून त्यात अंडं घालतात. दोन दिवसांनी त्या पोची नुसती साल उरते, खालची जमीन भुसभुशीत आणि भोकाभोकांची. पाऊस पडला की पाणी त्याच भोकांतून आत जिरतं. फुकटची नांगरट आहे ही. हे आता कमी दिसतं, आणि त्याचं एक कारण आमच्याच पिशवीतून गेलं. आयव्हरमेक्टिन नावाचं जंतनाशक फार गुणकारी आहे, गोचीड आणि जंत दोन्हींवर चालतं. पण त्याचा अंश पुढं कित्येक दिवस शेणातून बाहेर पडतो आणि त्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या जगत नाहीत. गरज असेल तेव्हा ते जरूर द्या. पण मेडिकलमधून आणून दर महिन्याला सगळ्या दावणीला टोचायची जी पद्धत पडली आहे, ती थांबवा. इंजेक्शन दिलेलं जनावर आठ-पंधरा दिवस गोठ्यात बांधलं तरी माळावरचे किडे वाचतील.

मेंढरं बसवायची रीत आमच्याकडं अजून आहे. सुगी झाली की धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रानात उतरवायचा, रोज थोडी थोडी जागा बदलत शेतभर मेंढरं बसवायची, बदल्यात पूर्वी ज्वारी आणि आता रोख. लेंडीखत आणि मूत दोन्ही जागेवर. रासायनिक खताच्या पोत्याचे भाव चढले तशी ही रीत पुन्हा मान वर काढते आहे, हे बरंच आहे. आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट. उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना टणक बिया तोंडातून बाहेर टाकतात. सकाळी वाडा हलला की त्या जागी बियांचा सडा असतो. काही बिया पोटातून जाऊन लेंडीवाटे पडतात. असं बी साध्या बियापेक्षा चांगलं रुजतं, म्हणून पूर्वी रोपवाटिकेसाठी वाड्यांवरून ते गोळा करून नेत. फुकटात बाभळीची लागवड करणाऱ्या मेंढपाळाला त्याच माळावरून, लागवडीला धोका म्हणून, हाकलून देतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवत नाही. वेडी (विलायती) बाभूळसुद्धा अशीच पसरली. तिच्या शेंगा गोड, गुरं खातात, काळवीट खातं, नीलगाय तर दूरवर नेऊन टाकते. गुजरातेत वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात त्या हरणांनीच तिचं बी शेणातून माळभर नेलं आणि त्यांचीच उघडी जागा झुडपांनी व्यापायला लागली. जनावराला काय कळतं, ते देशी आणि विलायती असा भेद करत नाही. आपण कुठलं झाड आणून ठेवतो ते आपण बघायचं.

आता काळवीट. आमच्याकडं सगळे ‘हरीण’च म्हणतात. हे माळाचं जनावर आहे, रानाचं नव्हे. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. दूरवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. पूर्वी कोल्हापूर दरबारात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चालायची. चित्ता गेला, त्याच्यापुढं पळणारं हरीण अजून तसंच पळतं, आता लांडग्यापुढं. दाट झुडपात ते राहत नाही. नर आपापली जागा धरून असतो आणि रोज ठरलेल्या ठिकाणी लेंड्या टाकतो. त्याचे ढीगच्या ढीग होतात, आणि त्या जागा सगळ्या नरांना ठाऊक असतात. पायवाटेनं जाताना असा ढीग दिसला तर पायानं उधळू नका, तो त्याच्या शिवेचा दगड आहे.

अशा जनावरासाठी आपण जागा किती ठेवली? कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. साडेपाचशे एकरही भरत नाही, आमच्या गावच्या एखाद्या जुन्या वतनदाराकडं याहून जास्त जमीन असेल. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी, ते ५.१४ चौरस किलोमीटर. नान्नजचं माळढोक अभयारण्य सोडलं तर आमच्या भागातली बाकीची बहुतेक हरणं गायरानं, वनखात्याचे तुकडे आणि लोकांची पडीक रानं यांवरच जगतात. आणि सरकारी नकाशात यातली बरीच जमीन ‘पडीक’ या रकान्यात मोडते. पडीक म्हटलं की तिथं काहीतरी केलंच पाहिजे असं साहेबांना वाटतं. मग सौर प्रकल्प, नाहीतर झाडं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. एवढे खड्डे कुठं घेणार? डोंगरावर खडक, शेतात पीक. राहिला माळ. गिरिपुष्पाचं झाड तर नान्नजच्या माळढोकाच्या माळावरसुद्धा लावलं गेलं. माळढोक उघड्यावर अंडी घालणारा पक्षी, त्याला झाडीत दडायची सवय नाही. आज नान्नजला माळढोक दिसणं किती दुर्मिळ झालं आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. याला कारणं अनेक आहेत, त्यातलं एक हे.

झाडाविरुद्ध माझं काही नाही. माझ्या बांधावर चिंच, लिंब, आंबा सगळं आहे. ओढ्याकाठी लावा, रस्त्याच्या कडेनं लावा, शाळेत लावा, बांधावर तर लावाच. पण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड माळावर, जिथं हातभर खाली पाषाण लागतो, तिथं खड्डा खणून गवताचा ठोंब उपटायचा आणि त्या जागी दोन उन्हाळ्यांत वाळणारं रोप लावायचं, यात कुणाचं भलं झालं? रोप गेलं, गवतही गेलं. मग त्या उकरलेल्या मातीत तरवडाचं झुडूप येतं, ज्याला जनावर तोंड लावत नाही.

शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर मला गावात फिरता येणार नाही. माझ्या धाकट्या भावाचं रान माळाला लागून आहे. दिवाळीनंतर हरभरा हातभर होतो, तेव्हा कळप रात्री उतरतो. हरभऱ्याचे शेंडे आपणही खुडतो, फांद्या फुटाव्यात म्हणून. पण हरीण शेंडा खुडून थांबत नाही, आणि पळताना जो तुडवतो तो वेगळाच. उगवलेल्या तुरीचं तर एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा, फोटो, परत खेटा, यात ज्याचं पाच-सहा गुंठ्यांचं गेलं तो अर्जच करत नाही. ‘कायमचा बंदोबस्त’ मागणाऱ्यांचा राग मला समजतो. उपाय मात्र चुकीच्या दिशेला आहे. माळावर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात खायला असेल तर हरीण शेतात अजिबात येणार नाही असं मी म्हणणार नाही, कोवळी तूर कुणाला नको असते. पण आज त्याला दुसरं ताटच उरलेलं नाही.

प्राणिप्रेमी मंडळींशीही माझं भांडण आहे. कडबनवाडीला चिंकारा आणि लांडगा बघायला गाड्या जातात, चांगली गोष्ट आहे. पण त्यातले काही जण मेंढरांचा कळप फोटोत आला की तोंड वाकडं करतात आणि धनगरांना इथून हलवा म्हणतात. चित्ता गेला, माळढोक जात आला, अशा या माळावर शेकडो वर्षं टिकून चरत आलेला मोठा कळप धनगराचाच आहे. लांडगा त्याची कोकरं खातो. धनगर शिव्या देतो, कुत्री सोडतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच वाडा टाकतो. मेंढरं काढली की लांडगा हवेवर जगेल काय?

जास्त चराई हाही खरा रोग आहे. गावाशेजारचं गायरान बघा. वर्षभर, रोज, त्याच त्या शेळ्या. तिथं मारवेल गवत दिसत नाही, पवन्या दिसत नाही. उरतो तरवड, उरतो टाकळा, म्हणजे जे कुणी खात नाही ते. माळ आजारी आहे का हे ओळखायची ही सोपी खूण: तोंड न लावण्यासारखं किती उरलंय ते बघायचं. पण याला औषध म्हणजे चराई संपवणं नव्हे, पाळी लावणं. गायरानाचे तीन-चार भाग करायचे. एक भाग पहिल्या पावसापासून बी पडेपर्यंत राखायचा, पुढच्या वर्षी दुसरा. राखलेला भाग दिवाळीनंतर चारायचा किंवा कापायचा, उभा वाळू द्यायचा नाही. जुने मेंढपाळ हे न सांगता करतात. त्यांचा वाडा एका जागी फार दिवस राहत नाही तो याचसाठी.

आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना एवढीच विनंती. गायरानावर लागवड करायची असेल तर आधी पावसाळ्यात एकदा माळ चालून बघा, कुठली गवतं आहेत, हरणांच्या लेंड्यांचे ढीग कुठं आहेत, वाडे कुठं बसतात ते लिहून घ्या, आणि गावातल्या दोन मेंढक्यांना विचारा. जिथं गवताचा चांगला माळ आहे तिथं खड्डा नको. कळप असलेल्या गावांत भरपाईचा पंचनामा ग्रामपंचायतीतच ठरल्या वारी व्हावा. आणि वणवा लावला की गवत चांगलं येतं, हा समज घालवायला शाळांतून काही करता आलं तर पाहावं.

आमच्या गावच्या गायरानाचा उरलेला गट लागवडीसाठी द्यायचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढं यायचा आहे. पत्र त्याआधी छापलं गेलं तर त्याचं कात्रण घेऊन मी सभेला जाईन, नुसतं तोंडी सांगितलं तर ‘डॉक्टर, तुम्ही बसा’ म्हणतात.

आपला वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. करमाळा, जि. सोलापूर